एंडोस्कोपीच्या आधी तोंडाने घ्यायचं औषध, सुईतून झोप, की नुसता स्प्रे? तिन्हीतून गेलो, म्हणून लिहितो

मागच्या आठवड्यात आमच्या साडूभाऊंचा फोन आला. त्यांना पोटात दुर्बीण टाकायला सांगितलीय, तारीख मिळाली, अन् काउंटरवर जो कागद दिला त्यात विचारलंय की सेडेशन, म्हणजे गुंगीचं औषध, घेणार का, अन् घेणार तर कोणतं. तर काय लिहू, असा त्यांचा प्रश्न. मी पाऊण तास बोलत राहिलो, अन् फोन ठेवल्यावर लक्षात आलं की जी गोष्ट सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होती तीच राहून गेली. म्हणून आता लिहूनच काढतो, त्यांच्यासाठी अन् अजून जे कोणी याच विचारात असतील त्यांच्यासाठी.

दुर्बीण म्हणजे काय, कशी टाकतात, हे तुम्हाला तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंच असेल, ते मी परत सांगत नाही. मी काही डॉक्टर नाही. नागपूरच्या इतवारीत आमचं किराण्याचं ठोक दुकान आहे, दिवसभर उभं राहून गुडघे गेले, गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक या पेनकिलरच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या, अन् त्यातून जठरात अल्सर, म्हणजे जखम झाली, तपासणीत एच. पायलोरी हा जठरातला जंतू पण निघाला. जठरातला अल्सर असला की औषधं झाल्यावर दोनेक महिन्यांनी परत आत पाहतात, तो भरला की नाही अन् त्याच्या आड दुसरं काही लपलेलं तर नाही ना, यासाठी. त्यामुळे एकदा करून सुटका झाली नाही. दीड वर्षात तीनदा झालं. पहिल्यांदा नुसता घशात स्प्रे, दुसऱ्यांदा हाताच्या शिरेतून मिडॅझोलाम नावाचं गुंगीचं औषध, तिसऱ्यांदा तेच मिडॅझोलाम पण तोंडाने. ठरवून केलं नाही, होत गेलं तसं.

आधी स्प्रेचं सांगतो, कारण आपल्याकडे साध्या तपासणीला बहुतेक ठिकाणी तोच असतो, अन् खरं सांगायचं तर बऱ्याच लोकांना तो पुरतो. घसा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा स्प्रे, दोन-चार फवारे घशात मागे मारतात, चव एकदम कडू, अन् मिनिटभरात घसा आपला राहत नाही. जीभ जाड झाल्यासारखी वाटते, गिळलं तरी गिळलं की नाही ते कळत नाही, अन् काही जणांना तर श्वासच अडकला असं वाटतं. श्वास नीट चालू असतो, फक्त तो जाताना लागत नाही म्हणून तसं वाटतं. हे आधी माहीत असलं तर निम्मी घाबरगुंडी कमी होते, मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मुद्दाम सांगून राहिलो.

दुर्बीण साधारण ९-१० मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे आपल्या करंगळीपेक्षा थोडी बारीक. घशातून उतरते ते दहा-पंधरा सेकंद वाईट, तिथे उमासे येतातच, डोळ्यांतून पाणी येतं, लाळ गळते, ते होऊ द्यायचं, लाळ गिळायचा प्रयत्न करायचा नाही. त्यानंतर पोटात हवा भरतात तेव्हा फुगल्यासारखं होतं अन् ढेकर येतात. तपासायला आतला बारीक तुकडा काढला तर ते दुखत नाही, जठराच्या आतल्या अस्तराला तसली दुखण्याची जाणीव नसते. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. अन् बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तासात घसा मोकळा, तोवर फक्त पाणी प्यायचं नाही की ठसका लागेल, अन् मग तुम्ही मोकळे. गाडी चालवा, दुकानात बसा, चेक सही करा, काहीही करा. मी त्या दिवशी दुपारी दुकानात होतो. हा स्प्रेचा फार मोठा फायदा आहे अन् ज्यांच्यासोबत यायला कोणी नाही त्यांच्यासाठी तर हाच एक रस्ता आहे.

आता ती गोष्ट, जी साडूभाऊंना सांगायची राहिली.

माझा त्रास दुर्बिणीचा नव्हताच, दाराबाहेरच्या बाकड्याचा होता.

मे महिना होता, धंतोलीतलं एक हॉस्पिटल, सकाळी आठला बोलावलं होतं. आदल्या रात्री सांगितलं होतं की दहानंतर पाणीसुद्धा प्यायचं नाही. नागपूरचा मे, रात्री बारालाही भिंती तापलेल्या, कूलरचीसुद्धा गरम हवा, अन् घशाला थेंब नाही. (पुढे कळलं की साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, घन खाणं मात्र सहा तास आधी बंद. भूलतज्ज्ञांच्या संघटनांचेच नियम आहेत. पण पोट उशिरा रिकामं होणारे पेशंट असतात, शुगरवाले असतात, म्हणून आपापल्या डॉक्टरांना विचारूनच.) तर आठला पोचलो, नंबर लागला सातवा, अन् दुर्बिणीच्या खोलीच्या दाराला लागून जो बाक होता त्यावर बसवलं. ते दार नीट लागत नव्हतं. आत जो कोणी पेशंट असेल त्याच्या ओकाऱ्यांचा आवाज बाहेर येत होता, कोरड्या ओकाऱ्या, मग डॉक्टरांचा आवाज, "गिळा, गिळा, झालं, झालं", मग परत तेच. एक संपला की दार उघडायचं, डोळे लाल झालेला माणूस तोंडाला नॅपकिन लावून बाहेर यायचा, अन् आम्ही बाकावरचे सगळे त्याच्याकडे पाहायचो. मग एकेक जागा पुढे सरकायचो.

असे सहा जण ऐकले मी. दीड तास. हातातल्या फाईलच्या पुठ्ठ्यावर माझ्या बोटांचे ओले ठसे उमटले होते, मिसेसने नंतर दाखवले. माझ्या शेजारी वर्ध्याकडून आलेली एक म्हातारी आजी होती, ती शांतपणे जप करत बसली होती, अन् मी पन्नाशीचा माणूस उठून जाऊ का, उठून जाऊ का, असा विचार करत बसलो होतो. त्यात एक भर पडली. माझा नंबर जवळ आला म्हणून सिस्टरने घशात स्प्रे मारला, अन् तेवढ्यात डॉक्टरांना इमर्जन्सी आली, रक्ताच्या उलट्यांचा पेशंट, तो आधी घ्यावाच लागतो, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण ते परत आले तोवर माझा घसा मोकळा व्हायला लागला होता. परत स्प्रे. परत तो घसा गेल्याचा अनुभव, अन् परत तोच बाक.

टेबलवर गेलो तेव्हा मी आधीच दमलेलो होतो. अन् मला आजही वाटतं की टेबलवर मी जो एवढा धडपडलो, सिस्टरचा हात धरून ओढला, डॉक्टरांना दोनदा थांबावं लागलं, ते दुर्बिणीमुळे कमी अन् त्या दीड तासामुळे जास्त. घाबरलेल्या माणसाचा घसा आवळलेला असतो, हे डॉक्टरही सांगतात. माणसाच्या घशाला ही नळी मुळात मान्यच नाही. १८६८ साली जर्मनीत कुसमाऊल नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा सरळ नळी घालून जठरात पाहिलं तेव्हा त्यांनी तलवार गिळणारा माणूस शोधून आणला होता. आपण कोणी तलवार गिळायचा सराव केलेला नाही, त्यामुळे उमासे आले तर लाज वाटून घ्यायचं काही कारण नाही.

दुसऱ्यांदा, जुलैत, मी स्वतःच सांगितलं की मला झोपवा. यावेळी हॉस्पिटल दुसरं, रामदासपेठेतलं, व्यवस्था चांगली होती, भूल देणारे डॉक्टर वेगळे होते. त्यांनी नीट विचारपूस केली: घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, दमा, लिव्हरचा त्रास, दारू, आधीपासूनची कोणती झोपेची गोळी. अन् एक प्रश्न विचारला ज्याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं, की एच. पायलोरीचा कोर्स संपला का. त्या कोर्समध्ये बऱ्याचदा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक असतं, अन् ते चालू असताना मिडॅझोलाम लिव्हरमध्ये मोडलं जात नाही लवकर, रक्तात जास्त राहतं अन् झोप जास्त खोल अन् लांब जाते. माझा कोर्स संपला होता. पण तुमचा चालू असेल तर हे आपणहून सांगा, विचारायची वाट पाहू नका. अन् तोंडाने घेणार असाल तर हे अजूनच महत्त्वाचं, कारण तोंडाने घेतलेल्या औषधाचा मोठा हिस्सा आतड्यात अन् लिव्हरमध्येच खर्ची पडतो, तिथलं ते मोडायचं काम कोणी बंद पाडलं की त्यातला बराचसा रक्तात जातो.

(कोणी तरी विचारेलच म्हणून इथेच सांगतो. ग्रेपफ्रूटचा रस याच कारणाने चालत नाही. आपलं नागपुरी संत्रं त्या जातीतलं नाही, तसा परिणाम त्याचा होत नाही. पण चोथा असलेला रस म्हणजे साधं पाणी नव्हे, म्हणून त्या सकाळी संत्र्याचा ज्यूस पण नाही.)

तर सुईतून. शीर सापडेना. माझ्या शिरा आधीच बारीक, त्यात उपाशी, त्यात घाबरलेला, डावा हात दोनदा, उजवा दोनदा, शेवटी मनगटाजवळ लागली. सुई लावून बाहेर बसवलं. हे लक्षात घ्या, सुई आधी लावतात पण औषध टेबलवर गेल्यावर देतात, कारण ते दोन-तीन मिनिटांत लागतं अन् त्यावेळी बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन, नाकाला ऑक्सिजन, सगळं लावलेलं पाहिजे. बरोबरच आहे ते. पण म्हणजे बाक तसाच राहिला नं. यावेळी दार लागत होतं, ओकाऱ्या ऐकू येत नव्हत्या, तरी मला पहिल्या वेळचं सगळं आठवत होतं, अन् मनगटात सुई ठणकत होती. पाऊण तास. माझ्यासाठी जो भाग सगळ्यात वाईट होता त्यात या महागड्या सेडेशनचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

टेबलवर गेल्यावर मात्र काय सांगू. डाव्या कुशीवर झोपलो, तोंडात ती प्लास्टिकची कडी धरली, सिस्टर म्हणाल्या "आता थोडं गरगरल्यासारखं वाटेल" अन् त्यानंतरचं मला आठवतं ते रिकव्हरीतलं छत. मधलं कोरं. मिडॅझोलाम नुसतं झोपवत नाही, ते लागल्यानंतरचं तुमच्या आठवणीत टिकू देत नाही, हे त्याचं खास काम. मिसेस सांगते की मी आत उमासे दिले, हात हलवला, एकदा "बस झालं" पण म्हणालो. मला काहीच माहीत नाही. ज्याला त्या पाच मिनिटांचीच भीती आहे त्याच्यासाठी याच्यापेक्षा चांगलं काही नाही, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

पण एक झालं. डॉक्टर रिकव्हरीत आले, मला म्हणे दहा मिनिटं समजावून सांगितलं, अल्सर भरलाय, तुकडा तपासायला पाठवलाय, कोणती गोळी किती दिवस, पेनकिलर कायमची बंद. मी मान डोलावली, प्रश्न पण विचारले म्हणे, नीट प्रश्न. अन् त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही. ऑटोत मी मिसेसला चारदा विचारलं की अल्सर भरला का, अन् चारदा तिने सांगितलं, अन् चौथ्यांदा सांगताना तिचे डोळे भरून आले, तिला वाटलं याला काही झालं तर नाही. ते मला नंतर फार लागलं. आपल्या शरीरातली एवढी मोठी बातमी, अन् ती घ्यायला मी हजरच नव्हतो. त्या दिवशीचा बाकीचा दिवस गेलाच, २४ तास गाडी नाही, सह्या नाही, दुकानाचा व्यवहार नाही.

आता तिसरी वेळ. जानेवारी, थंडी चांगली होती. पोटात परत जळजळ सुरू झाली म्हणून डॉक्टर म्हणाले एकदा पाहून घेऊ. यावेळी मी आधीच जाऊन भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटलो अन् बाकाबद्दल सांगितलं, जसं तुम्हाला सांगितलं तसंच. ते थोडा वेळ गप्प बसले अन् म्हणाले, "मग तुम्हाला तोंडाने देऊ या. लहान मुलांना ऑपरेशनच्या आधी आम्ही असंच देतो, आईपासून सोडवताना रडू नये म्हणून." एवढं साधं. लहान मुलाला जे कळतं की वाईट काय आहे तर आईपासून दूर नेणं, तेच माझं होतं, फक्त मी ते पन्नाशीत सांगून राहिलो होतो. त्यांच्या त्या उत्तराने अर्धं काम झालं म्हणा ना.

एका लहान कपात, सरबतात मिसळून, कडूच, घशात स्प्रेपेक्षाही कडू, साखरेने काही झाकलं जात नाही. माझ्या कागदावर ७.५ मिलिग्राम लिहिलं होतं, पण ते माझं वजन-वय-लिव्हर पाहून, तुमचं वेगळं असेल. कप हातात दिला तो हॉस्पिटलातच, खाटेवर बसवून, बोटाला ते मशीन लावून, अन् सांगितलं की आता उठायचं नाही, बाथरूमला जायचं तर आताच जाऊन या. घरी घेऊन या असं कोणी म्हणत असेल तर कृपा करून घेऊ नका. वर्धा रोडवर झोप लागली तर दुर्बिणीचा विषयच राहणार नाही.

वीस मिनिटं काहीच झालं नाही. मी घड्याळाकडे पाहत होतो अन् मनात म्हणत होतो, लागलं नाही वाटते. मग कधीतरी लक्षात आलं की मी बराच वेळ घड्याळ पाहिलंच नाही. भीती गेली असं नाही म्हणणार, ती होती तिथेच होती, पण दुसऱ्या कोणाची तरी आहे अन् मी बाजूला बसून पाहतोय असं वाटत होतं. हात कोरडे. शेजारच्या खाटेवरच्या काकाजींशी मी त्यांच्या शेतातल्या तुरीबद्दल बोलत होतो, यंदा भाव काय, अन् आत कोणी ओकलं तेही ऐकू आलं, पण ते माझ्याबद्दल नव्हतं. त्याआधी दोनदा ज्या वेळात माझा जीव निघून जायचा, तो वेळ असा निघून गेला.

टेबलवर सांगायचं तर, उमासे आले. दोन-तीन. सुईतून घेतलं तेव्हासारखं कोरं झालं नाही, तुकड्यातुकड्यांत आठवतं, डॉक्टरांचा आवाज, सिस्टरचा खांद्यावरचा हात, तो हात फार बरा वाटला, अन् पोट फुगल्याचं. पण धडपडलो नाही, कोणाला ओढलं नाही. स्प्रे होताच सोबत, तोंडाचं औषध म्हणजे स्प्रेच्या ऐवजी नाही, स्प्रे लागतोच, घसा बधिर करायचं काम तोच करतो. अन् नंतर डॉक्टर बोलले तेव्हा मी मिसेसला म्हणालो की तू लिही, अन् डॉक्टरांना विनंती केली की अर्ध्या तासाने परत एकदा सांगा, ते आले, सांगितलं, अन् त्यातलं बरंचसं मला आठवतं. सगळं नाही, कारण औषध तेच आहे, विसरायला ते पण लावतंच. पण बातमी कळली तेव्हा मी तिथे होतो. थोडी सूज आहे, अल्सर नाही.

आता याची जी अडचण आहे ती पण नीट सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही माझ्या भरवशावर जाल अन् फसाल.

मोठी अडचण म्हणजे वेळ. सुईतलं औषध डॉक्टर थोडं थोडं देतात, कमी वाटलं तर अजून, जास्त वाटलं तर थांबतात. तोंडाचं एकदा गेलं की गेलं. कोणाला वीस मिनिटांत लागतं कोणाला पाऊण तासात, कोणाला जास्त लागतं कोणाला काहीच नाही, अन् परत डोस द्यायची चूक करायची नसते, कारण पहिला अजून वाटेत असू शकतो. त्यात आपल्या ओपीडीचं नंबराचं सगळ्यांना माहीत आहे. औषध लागलं अन् डॉक्टर वॉर्डात गेले तर असर टेबलवर जायच्या आधीच उतरायला लागतो. लवकर बोलावलं तर असर आलेलाच नाही. म्हणून माझा आग्रह एकच, पहिला नंबर मागा. सकाळी नऊचा पहिला. दोन आठवडे थांबावं लागलं तरी चालेल (तातडीचं नसेल तर अर्थात), पण मधला नंबर घेऊन तोंडाचं औषध घेऊ नका. मला पहिला मिळाला म्हणून जमलं, चौथा मिळाला असता तर कदाचित मी वेगळंच लिहिलं असतं.

दुसरं, घरी जायला कोणीतरी पाहिजेच, सुईतून घ्या की तोंडाने, २४ तासांचा नियम तोच. काही लोकांना वाटतं गोळी म्हणजे हलकं, गोळी म्हणजे चालतं. नाही चालत. मी काँग्रेसनगरला मेट्रोने जाऊ म्हणत होतो, सिस्टरने मला सरळ नाही म्हटलं, जिन्यावर तोल गेला तर? ऑटोच केली.

अन् काही जणांनी हे घ्यायचंच नाही. ज्यांना झोपेत श्वास अडकायचा त्रास आहे, फुप्फुसाचा मोठा आजार आहे, लिव्हर बिघडलेलं आहे, आधीच झोपेच्या किंवा दुखण्याच्या कडक गोळ्या चालू आहेत, काचबिंदूचा तो अचानक डोळा दुखणारा प्रकार आहे, गरोदर बायका, अन् खूप वयस्क. माझ्या आईची, वय ७६, दुर्बीण झाली तेव्हा डॉक्टरांनी काहीच दिलं नाही, नुसता स्प्रे, अन् ती आमच्या सगळ्यांत चांगली राहिली. वय झालं की घशाचा तो उमासा कमी होतो, म्हाताऱ्या माणसांना स्प्रेवर जमतं अन् झोपेच्या औषधाचा धोका मात्र त्यांनाच जास्त, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे पहिल्या वेळी माझ्या शेजारी बसलेल्या त्या वर्ध्याच्या आजीचंही तसंच असावं. तर आई-वडिलांसाठी विचार करत असाल तर आपली भीती त्यांच्यावर घालू नका, त्यांना विचारा.

गोळीचं म्हणाल तर अल्प्राझोलाम पण देतात बऱ्याच ठिकाणी, आदल्या रात्री एक अन् सकाळी एक. माझ्या मामेभावाला दिली होती. रात्री झोप चांगली लागली म्हणे, ते महत्त्वाचंच आहे, मी तर त्या रात्री छताकडे पाहत काढायचो. पण ती लांब चालते, मिडॅझोलाम दोन-तीन तासांत निम्मं होतं तर अल्प्राझोलामला त्यासाठी दहा-बारा तास लागतात, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुस्तच होता. अन् घरात उरलेली गोळी कोणी तरी नंतर झोप येत नाही म्हणून घ्यायला लागतं, हा वेगळा धोका. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नाही, रजिस्टरमध्ये नोंद करतो, ते उगाच नाही. मला विचाराल तर हॉस्पिटलातल्या कपातलं बरं, जे तिथेच सुरू होतं अन् बरंचसं तिथेच संपतं.

प्रोपोफॉलचं मी घेतलेलं नाही, साळ्याने घेतलं, ते दुधासारखं पांढरं औषध, मिनिटाच्या आत झोप, उठल्यावर एकदम ताजातवाना, तो तर त्याचेच गोडवे गातो. त्यात झोप खोल जाते, श्वास मंदावू शकतो, अन् मिडॅझोलामला जसं फ्लुमॅझेनिल नावाचं उतारा-औषध आहे तसं त्याला काही नाही, म्हणून भूलतज्ज्ञ उभे असतील तिथेच ते घ्यावं, अन् बिल पण त्या हिशोबाने येतं. मोठं काम असेल, आत काही कापायचं, पट्टी लावायची असेल तर तेच योग्य असेल. पाच मिनिटांच्या पाहणीसाठी मला ते जास्त वाटतं. हे माझं वाटणं झालं. साळ्याला तसं वाटत नाही अन् तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

बारीक दुर्बीण पण असते, ५-६ मिलिमीटरची, नाकातून जाणारी, त्यात उमासे कमी. सगळीकडे मिळत नाही. मिळत असेल तर विचारून पाहायला हरकत नाही.

तर साडूभाऊ, कागदावर काय लिहायचं ते तुमच्या भीतीवर आहे. नळी घशातून जातानाचे ते काही सेकंदच नको असतील तर सुईतून घ्या, त्याला तोड नाही. कामावर लगेच जायचं असेल, किंवा भीती फारशी नसेल, तर स्प्रे घ्या अन् दुपारी दुकानात बसा. पण तुम्ही फोनवर जे म्हणालात, की मला टेबलचं काही नाही, मला आधी वाट पाहायची आहे त्याचंच टेन्शन आलंय, अन् तीन रात्री झोप नाही, तर मला वाटतं तुमचं माझ्यासारखंच आहे, अन् तुम्ही तोंडाचं मागावं. घोरण्याचं मात्र नक्की सांगा, ताईंनी मला सांगितलंय की तुम्ही घोरता, अन् मध्येच श्वास थांबतो असं त्यांना वाटलं असेल तर तेही लपवू नका, मग डॉक्टर नाही म्हणाले तर तो त्यांचा निर्णय योग्यच.

पहिला नंबर मिळाला का ते मला आज संध्याकाळपर्यंत कळवा. नसेल मिळाला तर तारीख पुढे ढकला, मी काउंटरवर जाऊन बोलतो. गुरुवार ठरला तर साडेसातला मी गाडी घेऊन येतो, ताईंना म्हणाव एक वही-पेन पर्समध्ये ठेवा, अन् वरण-भात करून ठेवा, मऊ, दुपारी घसा मोकळा झाल्यावर तेच बरं लागतं.